फुसका बार

संपादक म्हणाला, कविता जमत नसेल तर तुझ्या कामाचं लिही. माझं काम पहाऱ्याचं. पंधरा वर्षं महार रेजिमेंटमध्ये काढली. पेन्शन घेतल्यापासून न्हावा शेव्याच्या पट्ट्यात एका कंटेनर यार्डावर गनमन आहे. गनमन म्हंजे कमरेला बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर आणि त्याच्या चक्रीत सहा काडतुसं. परवाना मालकाचा, त्यावर राखणदार म्हणून नावं आमची. येणारे-जाणारे रिव्हॉल्वरकडं बघतात. पोरं तर बघतच राहतात. मी लिहिणार आहे काडतुसाबद्दल. कारण बार वाजला नाही तर ते रिव्हॉल्वर म्हणजे पाऊण किलोच्या आसपासचं लोखंड. त्यापेक्षा काठी बरी, ती निदान लांब तरी असते.

आपल्या भाषेत ‘फुसका बार’ ही शिवी आहे. पुढाऱ्याच्या भाषणाला म्हणतात, मोर्चाला म्हणतात, माणसाला तर हमखास म्हणतात. पण बार फुसका का गेला, काडतूस कोणी आणलं, कुठं ठेवलं, किती पावसाळे त्याच्यावरून गेले, हे कोणी विचारत नाही. काडतूस फुसकं निघतं आणि फुसका ठरतो माणूस. म्हणून मला एवढंच सांगायचं आहे : काडतूस आधी तपासा. नाहीतर नंतर माणूस तपासला जातो.

न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची दोन गावं. आता ते नाव बंदराचं झालं. बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. त्याच्या आधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या भावासाठी आणि हक्कासाठी इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई-नवघरकडं पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. दरवर्षी त्यांच्या नावानं लोक जमतात. ज्यांची मिठागरं, भातखाचरं आणि मासेमारी गेली त्यांची पोरं आज याच बंदराच्या आजूबाजूला ड्रायव्हर, हेल्पर, सिक्युरिटी आहेत. आमच्यासारखे महाड, नांदेड, बुलढाण्याकडून आलेले त्यांच्या शेजारी उभे आहेत. पहाऱ्याच्या कामात गाव बदलतं, उभं राहणं बदलत नाही.

इथली हवा खारी. यार्डाच्या मागं तिवरं, तिवरांपलीकडं खाडी. भरतीला चिखलाचा वास येतो आणि पत्र्यावर मीठ बसतं. नवी कडी लावली तर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होते. लोखंडाचं दिसतं तरी. पितळेचं दिसत नाही. ते आतून हिरवं होतं.

काडतुसात चारच वस्तू असतात. पितळेची पुंगळी, बुडाला टोपी, आत दारू, तोंडाला शिशाची गोळी. घोडा पडतो, त्याची टोचणी टोपीवर बसते, टोपीतला मसाला ठिणगी देतो, दारू पेटते, गोळी जाते. चारांतलं एक जरी बिघडलं तरी बाकीचे तिघे बिनकामाचे. ओल टोपीतून शिरते, नाहीतर गोळी आणि पुंगळीच्या सांध्यातून. कारखान्यात तिथं लाख देऊन तोंड बंद केलेलं असतं. पण वर्षानुवर्षं तीच सहा काडतुसं पट्ट्यात वागवली, घामानं भिजवली, पावसात नेली, रोज चक्रीत घातली आणि काढली, तर लाख तरी किती टिकणार? आणखी एक गोष्ट. पुष्कळ जण हत्याराला तेल देताना काडतुसांनाही बोट फिरवतात, चकचकीत दिसावीत म्हणून. तेल झिरपून टोपीत गेलं तर मसाला मरतो. हत्याराला तेल द्यावं, काडतुसाला नाही. आणि चामड्याच्या पट्ट्याच्या घरांत काडतुसं महिनोन् महिने ठेवू नयेत. चामडं कमावण्याचा आंबटपणा पितळेला लागतो आणि हिरवा मळ धरतो.

पितळ आणि पावसाळा यांचं वैर जुनं आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात लष्करी काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवत. कोरडे दिवस आले की बाहेर काढत, तर पुंगळ्यांना चिरा पडलेल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया पितळेच्या ताणलेल्या भागात शिरून त्याला तडे पाडतो, हे १९२१ साली संशोधकांनी उलगडून सांगितलं. साहेबाची काडतुसं तबेल्यात फुटली तर शास्त्रज्ञ बसले, कारण शोधलं. पहारेकऱ्याचं काडतूस फुटलं नाही तर कारण आधीच ठरलेलं असतं.

ज्या कंटेनरांवर मी पहारा करतो त्यांच्या आत मालासोबत ओल शोषणाऱ्या पुड्या टांगलेल्या असतात. खेळण्यांना, कपड्यांना, बुटांना बुरशी येऊ नये म्हणून. माझ्या सहा काडतुसांना कोणी पुडी टांगली नाही. एका पोरानं त्यातलीच एक पुडी आणून काडतुसाच्या डब्यात टाकायला घेतली होती. मी अडवलं. त्या पुड्या बहुधा कॅल्शियम क्लोराइडच्या असतात. ओल प्यायल्या की त्यांचं खारं पाणी होतं, आणि ते पितळेला आणखी वाईट. सिलिका जेलचे दाणे पाहिजेत, आणि घट्ट झाकणाचा डबा.

तपासायचं कसं ते सांगतो. हे मी दोघांकडून शिकलो. एक फौज. दुसरा माझा मामा, जो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होता. हा कारखाना १८६९ सालचा. बत्तीस बोअरच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात, ती या कारखान्याची. किरकी फॅक्टरी. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. खडकी, देहूरोड हा पट्टाच आपल्या लोकांच्या घामाचा. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली ती तिथल्या कामगारांमध्ये येऊन. मामा म्हणायचा, “भाच्या, काडतूस हातात आलं की आधी त्याचं बूड बघायचं, मग तोंड. माणसाचं उलटं.”

रिकाम्या, उजेडाच्या जागी बसायचं. हत्यार रिकामं करून बाजूला ठेवायचं, नळी माणसाकडं नाही. मग एकेक काडतूस. हिरवा मळ आहे का? पुंगळीला चीर, पोचा आहे का? टोपी बुडाच्या सपाटीत आहे का? नख फिरवलं की कळतं. टोपी वर आलेली असली तर चक्री फिरताना घासते, अडते. खूप आत गेलेली असली तर टोचणी नीट बसत नाही. मग सगळी काडतुसं सपाट टेबलावर बुडावर उभी करायची आणि वरून पट्टी धरायची. एखादं बुटकं दिसलं तर गोळी आत ढकलली गेली आहे. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, हत्यार फुटू शकतं. पिस्तुलात हे फार होतं, कारण तेच काडतूस रोज पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटतं. रिव्हॉल्वरचं उलटं. बारांच्या धक्क्यानं शेजारच्या घरातल्या काडतुसाची गोळी पुढं सरकते आणि चक्रीला अडवते. म्हणून एखादं उंच दिसलं तर तेही बाजूला. शेवटी प्रत्येक काडतूस चक्रीच्या घरात सोडून बघायचं. आपल्या वजनानं आत जायला हवं. दाबावं लागलं तर ते ठेवायचं नाही.

एवढं सगळं केलं तरी काडतूस वाजेल का, हे कळत नाही. ते कळतं फक्त वाजवून. आणि वाजवलं की ते काडतूस उरत नाही. तपासलेलं संपतं, कमरेला उरतं ते न तपासलेलं. मग भरवसा कशावर ठेवायचा? मामाच्या कारखान्यात याचं उत्तर होतं लॉट. एकाच दारूची, एकाच टोप्यांची, एका दमात भरलेली काडतुसं म्हणजे एक लॉट. त्यातली काही उचलून झाडायची. ती वाजली तर त्यांच्या भावंडांवर भरवसा. डब्यावर लॉटचा नंबर असतो तो त्यासाठी. म्हणून डबा फेकून देऊ नये आणि दोन लॉट एकत्र मिसळू नयेत. आमच्या यार्डाच्या कपाटात मात्र चार लॉट एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. डबे कधीच गेलेले.

किती झाडली म्हणजे पुरे? माझी मुलगी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकते. तिला विचारलं. ती म्हणाली, “पप्पा, सहा झाडली आणि सहाही वाजली म्हणून खूश होऊ नका. तेवढ्यावरून, शंभरात पंच्याण्णव खात्रीनं, फक्त इतकंच म्हणता येतं की फुसकी शंभरात चाळिसापेक्षा जास्त नसावीत.” मी म्हटलं, “आणि साठ वाजली तर?” म्हणाली, “तर शंभरात पाचापेक्षा जास्त नसावीत. तीनशे सलग वाजली तर शंभरात एकापेक्षा जास्त नसावं.” मी गप्प झालो. फौजेत आम्ही वर्षाला रेंजवर जाऊन फायर करायचो तेव्हा हा हिशेब कोणी सांगितला नव्हता, पण तो हिशेबच होता. परदेशात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे लोक निवडलेल्या काडतुसाचे शंभर-दोनशे बार आपल्याच पिस्तुलातून काढतात आणि मग ते कमरेला लावतात. अमेरिकेत १९८६ सालच्या मायामीच्या चकमकीत एफबीआयची दोन माणसं मेली, त्यानंतर तिथं जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळ्या मारून त्या किती खोल जातात याच्या चाचण्या बसवल्या. तिकडं प्रश्न गोळी किती खोल जाते हा. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा. जाते का?

इथं दोनशे बार काढायला कोण देणार? काडतूस महाग. परवान्यावर घेतलेल्याची नोंद, उरलेल्याची नोंद. खाडीवर जाऊन दोन बार काढून बघू, असंही नाही चालत. तो गुन्हा आहे. हवेत आनंदाचे बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षाच सांगितली. झाडायचं ते मान्यता असलेल्या रेंजवर. रेंजला पैसे लागतात, गनमनला एक दिवस सुटी द्यावी लागते. एजन्सीला दोन्ही जड.

आणि हे फक्त आमच्या एजन्सीचं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीनं मुंबई पोलिसांचं काय झालं ते तपासलं. सरावासाठी काडतुसांची टंचाई असल्यानं गोळीबाराचा सराव नीट होत नव्हता, हे त्यात निघालं. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे काठीनिशी पुढं झाले आणि बंदुकीची नळी धरून मेले. त्यांचे पुतळे झाले, ते व्हायलाच पाहिजेत. पण शूराचा पुतळा स्वस्त पडतो आणि शिपायाचा सराव महाग पडतो, हे मला पहाऱ्यावर उभ्या-उभ्या फार वेळा आठवतं.

आमच्याकडं अशी रात्र आली ती २२ सप्टेंबर २०१६ ला. उरीचा हल्ला होऊन चारच दिवस झालेले. उरणच्या शाळेतल्या मुलांनी हत्यारबंद माणसं बघितल्याचं सांगितलं. करंजाला नौदलाचा शस्त्रांचा डेपो, इकडं बंदर. सगळीकडं नाकाबंदी, नौदल, पोलीस, एनएसजी. पुढं शोध घेऊन कोणी सापडलं नाही. पण त्या रात्री आम्हाला ते काय माहीत? ऑफिसातून फोन, “सगळे अलर्ट राहा.” मी शिफ्टचा मुख्य. मी चारही रिव्हॉल्वरं रिकामी करून केबिनच्या ट्यूबलाइटखाली काडतुसं मांडली. चोवीस. नऊ बाजूला काढली. कुणाच्या टोपीभोवती हिरवं कडं, एकाची गोळी बोटानं फिरत होती. सकाळी अर्ज लिहिला : नऊ काडतुसं बदलून मिळावीत, बाकीचीही जुनी आहेत, रेंजवर झाडून नवी द्यावीत. पोच घेतली. महिन्याभरानं दुसरा अर्ज. त्याचीही पोच घेतली.

उत्तर आलं नाही. नऊ काडतुसं मात्र परत आली. कारण तपासणीला साहेब आला आणि रजिस्टरात प्रत्येक हत्याराला सहा काडतुसं लिहिलेली. संख्या पुरी पाहिजे. रजिस्टरात संख्या असते, दम नसतो. मी माझ्या सहा जागा निवडून भरल्या, इतरांनाही निवडून दिल्या. पण चार हत्यारांना बरी काडतुसं पंधरा. हिशेब करा.

नाना आमच्यात वयानं मोठे. नांदेडकडचे, तेही महार रेजिमेंटचे, सागरला माझ्या आधी पुष्कळ वर्षं रंगरूट झालेले. आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो. जुलै २०१८, धो धो पाऊस. रात्री अडीच-तीनला तिवरांच्या बाजूनं जाळी कापून चौघं आत शिरले. नानांनी बॅटरी मारली, आवाज दिला. तिघं थबकले. चौथा पहार घेऊन अंगावर आला. नानांनी रिव्हॉल्वर काढलं, चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. तिसऱ्यांदा ओढायच्या आत पहार मनगटावर बसली. आम्ही शिट्ट्या मारत पोचलो तोवर चौघं चिखलात पळाले. नाना बसलेले, हात मांडीवर धरलेला, हाड बाहेर. मला म्हणाले, “म्या दोनदा ओढला रं. दोनदा.”

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस आला. नानांना बघायला दवाखान्यात गेला नाही, आधी यार्डात आला. सगळ्यांसमोर म्हणाला, “म्हातारा गारठला. चाप ओढलाच नाही त्यानं. तुमच्या लोकांना वर्दी शोभते, हत्यार झेपत नाही.” तुमच्या लोकांना. हे शब्द मी मोजून ठेवले आहेत.

पण तोवर पंचनामा झाला होता. पहाटे पोलीस आले तेव्हा मी हजर होतो. हवालदार इथलाच, आगरी. त्यानं चक्री उघडली, सहाही काडतुसं आहेत असं लिहायला लागला. मी म्हटलं, “साहेब, नुसती सहा लिहू नका. बुडं बघा.” दोन टोप्यांवर खूण होती. खोल, मधोमध. खूण उथळ असती तर स्प्रिंग ढिली म्हटलं असतं. कडेला असती तर चक्रीची चूक म्हटलं असतं. ही नीट बसलेली होती. नानांनी चाप ओढला, घोडा पडला, टोचणी बसली, काडतूस मेलेलं होतं. मी म्हटलं, “हे लिहा.” तो म्हणाला, “लिवतो ना. जां हाय तां लिवाचा, नाय लिवाला काय झायला?” आणि त्यानं लिहिलं : दोन काडतुसांच्या टोपीवर टोचणीची खोल खूण, बार झालेला नाही.

अंगावर पहार घेऊन येणाऱ्यावर बार काढायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. तेव्हा तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. नानांनी तो हक्क दोनदा वापरला. वाजला नाही. तरीही ते गारठले नव्हते, याचा पुरावा पितळेवर मोहरीएवढ्या खड्ड्यात होता. तो कोणी बघितला नसता तर एका फौजीच्या नावापुढं कायमचा एक शब्द लागला असता.

आणि तो शब्द आपल्याला नवा नाही. इंग्रजांच्या फौजेत आपले लोक पिढ्यान् पिढ्या होते. १८९० नंतर साहेबाच्या डोक्यात लढाऊ जातींचं खूळ शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. का? तर ही लढाऊ जात नाही. कोणी तपासलं? कुठल्या रेंजवर? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली, लढाई संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा लढाई आली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात गेले, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ मध्ये तिची मशीनगन रेजिमेंट झाली. लढाऊ नाही म्हणून ज्यांना घरी बसवलं त्यांच्या बिल्ल्यावर दोन मशीनगना आल्या. गरज पडली की लढाऊ, गरज सरली की फुसके. हा लॉट कोणी तपासला नव्हता, नुसता डब्यावरचा शिक्का बदलत होते.

नानांच्या चौकशीत मी पंचनाम्याची नक्कल, माझे दोन अर्ज आणि त्यांच्या पोचा टेबलावर ठेवल्या. ‘घाबरल्यामुळे’ असा शब्द अहवालात होता, तो काढावा लागला. दवाखान्याचा खर्च मिळाला. हात मिळाला नाही, उजव्या हाताची मूठ वळत नाही. नोकरीही गेली, कारण मूठ वळत नसलेला गनमन कोणाला पाहिजे? पण कागदावर नाना गारठलेले नाहीत. ते म्हणतात, “एवढं बी लई झालं.” मला ते लई वाटत नाही.

आम्ही गनमन आणि साधे गार्ड मिळून तीन महिने मागं लागलो. त्यात आगरी होते, मराठे होते, आपले होते. फुसकं काडतूस जात बघत नाही, हे सगळ्यांना एकदम पटलं होतं. शेवटी मान्य झालं ते असं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक गनमनला रेंजवर बारा बार. जुनी झाडायची, नवी कमरेला. एका डब्याचा एकच लॉट. सिलिका जेलचे दाणे मात्र आम्ही आमच्या पैशानं आणले.

पहिल्या वर्षी रेंजवर ४८ काडतुसं झाडली. ५ गप्प. बार झाला नाही की काय करायचं ते पोरांना तिथं शिकवलं. सरावात टक् झालं तर नळी निशाण्याकडंच धरून तीस अंक मोजायचे, कारण कधी कधी बार उशिरा होतो. मगच चक्री उघडायची. आवाज दबका आला, धक्का कमी बसला तर थांबायचं आणि नळीत गोळी अडकली का ते बघायचं. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटते. आणि जिवावर बेतलं असेल तर मोजायचं नाही, पुन्हा चाप ओढायचा. रिव्हॉल्वरचा तोच फायदा, पुढचं घर आपोआप समोर येतं. नानांनी तेच केलं होतं. हे मी पोरांना मुद्दाम सांगितलं.

रेंजवर एक पोरगा म्हणाला, “सर, पाच फुसकी निघाली म्हणजे आपली लाज गेली.” मी म्हटलं, “लाज त्याची जाते जो झाडून बघत नाही.” विहारात आपण म्हणतो ना, एहिपस्सिको. ये आणि बघ. बुद्धानं आपल्या शब्दावरसुद्धा आंधळा भरवसा ठेवू दिला नाही. आम्ही केएफच्या शिक्क्यावर का ठेवावा? एजन्सीच्या शिक्क्यावर तर नाहीच.

गावाकडं गेलो की वाडीतली पोरं विचारतात, “काका, आपल्याला परवाना मिळतो का?” कुठं काही घडलं, खैरलांजीची आठवण निघाली, की हा प्रश्न हमखास येतो. मी सांगतो, नियम आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातल्या तिसऱ्या नियमात लिहिलंय की जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं प्रशासनानं इतरांचे परवाने रद्द करून हत्यारं जमा करावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत. पोरांचे डोळे चमकतात. मग मी पुढचं सांगतो. ‘गरज वाटल्यास’ म्हणजे कोणाला वाटल्यास, ते वाचा. अर्ज करा, पोच घ्या, नकार आला तर तो लेखी मागा. कलमसुद्धा झाडूनच बघावं लागतं. कपाटातल्या कलमाला ओल लागली का, हे बाहेरून दिसत नाही.

आणि परवाना मिळालाच, तर हत्यार खुंटीला अडकवून फोटो काढू नका. घरात लेकरं असतील तर कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. घरातलं हत्यार आधी घरच्यांच्या जिवावर उठू शकतं, हे मी फौजी म्हणून सांगतो. रेंजवर जा, दरवर्षी जुनी झाडा, बुडं बघा, तारीख लिहा. हे जमणार नसेल तर हत्यार घेऊ नका. न तपासलेल्या हत्यारापेक्षा जागा असलेला शेजारी बरा.

आमच्या केबिनमध्ये आता दोन वह्या आहेत. एक एजन्सीचं रजिस्टर, त्यात संख्या. दुसरी आमची, साधी शंभर पानी. तिच्यात रकाने आहेत : लॉट, कधी आलं, कधी तपासलं, किती झाडली, किती गप्प, तपासणाऱ्याची सही. मागच्या पावसाळ्यानंतर ४८ झाडली, एकही गप्प नाही. मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “छान झालं, पण पप्पा, अठ्ठेचाळीसवर थांबू नका.”